ताईंच्या हातातलं ॲप नक्की कुणासाठी?

घरात किंवा शेजारी कुणी अंगणवाडी सेविका असेल, तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला ताई मोबाइल घेऊन बसतात, आणि थोड्या वेळाने तोच मोबाइल घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात असतो. आज किती मुलं हजर होती, कुणाचं वजन घेतलं, कुणाचा फोटो जुळला नाही, हे सगळं 'पोषण ट्रॅकर' नावाच्या ॲपमध्ये चढवायचं असतं. मौद्याहून एसटीने नागपूरला ये-जा करणारे, प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धवट टाकून हे काम करून देणारे कितीतरी जण असतील. त्यांना कुणी 'डेटा एन्ट्री ऑपरेटर' म्हणत नाही. पगाराचं तर नावच नको.

ॲप बदललं की डोकं फिरतं, हे आपल्या पिढीला कुणी शिकवायची गरज नाही. ओळखीचं बटण गायब होतं, दोन टॅपचं काम पाच टॅपचं होतं आणि वर 'नवा, अधिक सोपा अनुभव' असा मेसेज येतो. जगभरातही हेच चाललंय. रेडिटवाल्यांचं 'एलियन ब्लू' नावाचं लाडकं ॲप होतं. २०१४ मध्ये कंपनीने ते विकत घेतलं आणि २०१६ मध्ये त्याच्या जागी स्वतःचं अधिकृत ॲप आणलं. लोक वैतागून 'अपोलो' या दुसऱ्या ॲपकडे वळले. मग २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या ॲप्सना डेटा वापरण्याचे दर असे काही लावले, की अपोलो बनवणाऱ्या ख्रिश्चन सेलिगच्या हिशेबाने त्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर भरावे लागले असते. ३० जून २०२३ ला अपोलो बंद झालं. त्याआधी हजारो ग्रुप निषेध म्हणून काही दिवस कुलूपबंद होते. त्याच वर्षी जानेवारीत ट्विटरनेही बाहेरची ॲप्स एका झटक्यात तोडली.

पण तिथे वापरणाऱ्याकडे निदान एक हत्यार होतं. पटलं नाही तर उठून जायचं. आपल्याकडे रेल्वेचंच बघा ना. १ जुलै २०२५ ला 'रेलवन' हे सगळं एकत्र असलेलं सरकारी ॲप आलं. तरी तारशाच्या स्टेशनवर उभं राहून गाडी कुठवर आली ते बघायला कुणाला 'व्हेअर इज माय ट्रेन' उघडावंसं वाटलं, तर त्याला अडवणारं कुणी नाही. ज्याला जे जमतं ते तो वापरतो.

अंगणवाडी सेविकेला हे जमत नाही. तिचं ॲप दिल्लीत ठरतं आणि ते न वापरण्याची सोय तिला नाही. म्हणून ही गोष्ट रेडिटच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचीही. फक्त तिच्यावर कुणी मीम बनवत नाही.

थोडं मागे जाऊया. एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. तेव्हापासून अंगणवाडीचा कारभार चालला तो रजिस्टरांवर. कुटुंबांची नोंद वेगळी, आहार वेगळा, लसीकरण वेगळं, गृहभेटी वेगळ्या, अशी एकूण ११ रजिस्टरं. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं आणि सेविकांच्या हातात स्मार्टफोन देण्याचं काम जोरात लागलं. त्या फोनमध्ये होतं 'कॅस', म्हणजे कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर. बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या मदतीने, 'कॉमकेअर' या खुल्या प्रणालीवर ते उभं केलं होतं. ११ पैकी १० रजिस्टरांचं काम त्या एका ॲपवर आलं.

कॅस पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं लाडकं होतं, असं म्हणणं म्हणजे जुन्या दिवसांचे गोडवे गाणं होईल. ज्या बाईने आयुष्यभर निळ्या पेनाने रजिस्टर भरलं, तिला टच स्क्रीन म्हणजे सुरुवातीला तापच. पण हात बसला. हात बसण्याची कारणंही समजून घेण्यासारखी आहेत. एक तर आपल्याकडे ते मराठीत होतं. दुसरं, नेटवर्क नसलं तरी नोंद करता यायची, नेट आलं की माहिती वर जायची. आणि मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे ते ॲप सेविकेला कामाची आठवण करून द्यायचं. या आठवड्यात कुणाच्या घरी भेट द्यायची आहे, कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ सहा महिन्यांचं झालं म्हणून वरचा आहार सुरू करायला सांगायचंय, याची यादीच समोर यायची. समजावून सांगायला छोटे व्हिडिओ होते. म्हणजे सेविकेने माहिती दिली, की ॲप तिला काहीतरी परत द्यायचं.

२०२० मध्ये कॅस बंद झालं. १ मार्च २०२१ ला केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स विभागाकडून बनवून घेतलेलं 'पोषण ट्रॅकर' आणलं. देशातल्या सुमारे १४ लाख अंगणवाड्या एका ॲपवर, एका डॅशबोर्डवर. कल्पना म्हणून वाईट नाही. एखाद्या जिल्ह्यात किती मुलं तीव्र कुपोषित आहेत हे दिल्लीत बसून रोजच्या रोज कळलं, तर कुणाला नको आहे? एखादं कुटुंब विटाभट्टीवर कामाला दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, तर नोंद त्यांच्यासोबत तिकडे जाऊ शकते, हेही चांगलंच. वजन-उंची टाकली की मूल कोणत्या श्रेणीत आहे, तो हिशेब ॲपच करतं.

पण महाराष्ट्रातल्या सेविकांच्या हातात ते आलं तेव्हा त्यांना दिसलं ते इंग्रजी. लाभार्थ्यांची नावं इंग्रजीत टाका, माहिती इंग्रजीत भरा. ज्यांचं शिक्षण दहावीपर्यंत, त्याहून कमी, तेही मराठी माध्यमात आणि तीस वर्षांपूर्वी झालंय, त्यांना.

नावं इंग्रजीत लिहिण्यात काय एवढं, असं वाटू शकतं. आपण व्हॉट्सॲपवर दिवसभर तेच करतो. पण जरा 'वैष्णवी' हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून बघा, आणि मग तुमच्या तीन मित्रांना लिहायला सांगा. 'श्रावणी', 'ज्ञानेश्वरी', 'ऋत्विक' घ्या. प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं येईल. आता समजा आधारवर एक स्पेलिंग आहे, जन्मदाखल्यावर दुसरं, आणि सेविकेने घाईत तिसरं टाकलं. व्हॉट्सॲपवर त्याने काही अडत नाही, पण आधारशी पडताळणी करणाऱ्या यंत्राला ही तीन वेगळी मुलं वाटू शकतात. मराठीत ज्या नावात चुकायला जागा नव्हती, तिथे इंग्रजीने ती तयार करून दिली. आणि चूक कुणाची धरायची? अर्थातच सेविकेची.

त्यात फोन. २०१९ च्या आसपास वाटलेले, २ जीबी रॅमचे. दोन वर्षांत त्यांचा दम संपला होता. नवं ॲप त्यात नीट चालेना, फोन तापायचा, हँग व्हायचा, दुरुस्तीचा खर्च अंगावर यायचा. काही ठिकाणी स्वतःच्या फोनमध्ये डाउनलोड करा, असा आग्रह होऊ लागला. मग ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर एक वेगळंच आंदोलन झालं. हजारो सेविका एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयांत गेल्या आणि सरकारने दिलेले मोबाइल टेबलावर ठेवून परत आल्या. दगड नाही, रास्ता रोको नाही. तुमचा फोन तुम्हीच ठेवा, काम आम्ही रजिस्टरवर करतो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

पत्रकारिता शिकताना आम्हाला 'युजर फीडबॅक' हा शब्द फार ऐकायला मिळतो. प्ले स्टोअरवर एक स्टार देणं हा फीडबॅक. राज्यभरातल्या बायकांनी फोनच परत करणं, याला कुठला शब्द लावायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

त्यानंतरही विषय मिटला नाही. २० फेब्रुवारी २०२३ पासून सेविका बेमुदत संपावर गेल्या. मानधनवाढीसोबत नवे मोबाइल आणि मराठीतलं ॲप या ठळक मागण्या होत्या. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून पुन्हा संप झाला, तो ५० हून जास्त दिवस चालला. बातम्यांमध्ये पगाराचा मुद्दा वर राहिला, आणि ते बरोबरच आहे, कारण केंद्र सरकार सेविकेच्या मानधनात जो वाटा देतं तो ऑक्टोबर २०१८ पासून महिना ४,५०० रुपयांवरच आहे. बाकीची भर राज्याची. पण मोबाइलची मागणी त्यासोबत सारखी येत राहिली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आता ॲप अनेक भारतीय भाषांत आहे, मराठीतही आहे. तिथे पोहोचायला संप लागले, कोर्ट लागलं. पहिल्या दिवशी मराठी देणं इतकं अवघड होतं का? आधीचं ॲप मराठीतच तर होतं.

इथे कुणी म्हणेल, जुनं सुटलं की माणूस कुरकुर करतोच, सवय झाली की गप्प बसतो. हे अर्धं खरं आहे. कॅसच्या वेळीही कुरकुर झाली होती आणि नंतर सवय झाली. मला वाटतं इथे प्रश्न सवयीचा कमी आणि दिशेचा जास्त आहे. कॅसमध्ये सेविकेला तिच्या कामाची यादी मिळायची. नव्या व्यवस्थेत मात्र जोर बघा कशावर आहे: अंगणवाडी वेळेवर उघडली का, हजेरी टाकली का, फोटो काढला का, चेहरा जुळला का. कुपोषित मुलाच्या घरी भेट द्यायला पाय तिचेच जाणार असतात, पण ॲप तिच्याशी बोलतं ते बहुतेक हिशेब मागायला. ते बनलंय वरच्या डॅशबोर्डसाठी, आणि खालून ते भरायचं मात्र तिने.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते चेहरा ओळखण्याच्या प्रकारात.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी, म्हणजे आपण ज्याला टीएचआर म्हणतो त्यासाठी, चेहरा पडताळणी सक्तीची झाली. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांची आई, गरोदर बाई, स्तनदा माता, यांनी आधी आधारने ई-केवायसी करायचं. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार, तो सेविकेला सांगायचा, मग फोटो. त्यानंतर दर वेळी पाकिटं देताना पुन्हा चेहरा दाखवायचा आणि तो जुळायला हवा.

तारीख दिल्लीत ठरली असणार, कारण मौद्यात ठरली असती तर जुलै कुणी निवडला नसता. आपल्या धानाच्या पट्ट्यात जुलै म्हणजे रोवणी. बाया सकाळीच बांधीत उतरतात त्या दिवस मावळल्यावर घरी. त्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडवून ओटीपी सांगायला आणि चेहरा दाखवायला अंगणवाडीत कोण येणार? पूर्वी आजी यायची, पाकिटं घेऊन जायची. सेविका आजीला ओळखायची, नातवालाही ओळखायची. तीच सेविका, तीच आजी, तेच बाळ, पण आता ओळखायचं काम फोनने करायचं. आणि ओटीपी? आधारला जोडलेला नंबर बऱ्याच घरांत नवऱ्याचा असतो. तो कामावर असतो किंवा दुसऱ्या गावी. नाहीतर ते सिमच केव्हाचं बंद पडलेलं.

आपला तालुका तसा आडवळणाचा नाही. नागपूर-भंडारा महामार्ग मधून जातो, एनटीपीसीचं २,३२० मेगावॅटचं वीज केंद्र इथेच आहे. मेळघाट किंवा भामरागडला नेटवर्कसाठी जी कसरत करावी लागते, ती इथे तेवढी नाही. म्हणूनच मौद्याचं उदाहरण कामाचं आहे. वर सांगितलेली एकही अडचण टॉवर उभा केल्याने सुटणारी नाही. दुसऱ्याच्या नावावरचं सिम, रोवणीचा हंगाम आणि नावाचं स्पेलिंग यांच्यावर फाइव्हजी काय करणार?

सरकारची बाजूही आहे. कागदावरचे बोगस लाभार्थी आणि मधल्यामध्ये गळणारा आहार, हे काही कुणी रचलेलं कुभांड नाही. ती गळती थांबायलाच हवी. पण चेहरा स्कॅन होतो तो साखळीच्या शेवटच्या टोकाला, जिथे एक बाई पिशवी घेऊन उभी असते. पाकिटं गावात वेळेवर पोहोचली का, त्यातल्या पिठाला वास येतो का, पुरवठा ठरला तेवढाच झाला का, हे तिच्या चेहऱ्यावरून कॅमेऱ्याला कळत नाही. सगळ्यात कडक पहारा सगळ्यात गरीब माणसावर, असं काहीसं होऊन बसलंय.

आता पुन्हा आपल्याकडे, म्हणजे संध्याकाळी आईला मदत करणाऱ्या पोरांकडे. या मदतीत एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तुम्ही जेव्हा ते ॲप उघडता, तेव्हा तुमच्या समोर गावातल्या बायकांचे आधार तपशील, फोन नंबर, कोण कितव्या महिन्याची गरोदर आहे, कुणाचं बाळ किती अशक्त आहे, हे सगळं असतं. ती माहिती सेविकेच्या विश्वासावर दिलेली असते, तिच्या मुलाच्या नव्हे. यात पोरांचा दोष नाही, त्यांच्या आयांचा तर नाहीच नाही. ज्या कामासाठी ॲप जमत नाही, वेळ पुरत नाही आणि वरून रोज मेसेज येतात, ते काम माणूस घरातल्या हुशार हाताकडे देणारच. पण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये कायदा झाला आणि दुसरीकडे गावभरच्या पोटुशा बायांची यादी सेकंड इयरच्या पोराने भरायची, हे एकाच देशात चाललंय. (मीही सरकारी कार्यालयातल्या एका अर्जासाठी शेजारच्या काकूंचा ओटीपी वाचून दाखवलाय. आपण हे किती सहज करतो!)

मदत करणारच असाल, तर निदान एवढं करता येईल. यादीचे स्क्रीनशॉट काढून तुमच्या फोनमध्ये ठेवू नका. ओटीपी व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. आणि ॲपमध्ये चूक दाखवली, फोटो जुळला नाही, की तारीख आणि लाभार्थ्याचा अनुक्रमांक आईच्या वहीत लिहून ठेवा. आपल्याला जुनाट वाटणारी ती वही उद्या तिच्या बाजूने उभी राहील. ॲप चाललं नाही, हे तोंडी सांगून पर्यवेक्षिकेला पटत नाही. वहीत बारा तारखा लिहिलेल्या असल्या तर पटवायला सोपं जातं.

आणि एक मुद्दा कायद्याचा. अंगणवाडीतला आहार ही सरकारची कृपा नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. त्यानुसार गरोदर बाई, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत आई आणि सहा महिने ते सहा वर्षांचं मूल यांना अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा त्यांचा हक्क आहे. हक्काचं अन्न मिळालं नाही, तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असावा, असंही कायदा सांगतो. चेहरा जुळला नाही म्हणून आहार द्यायचा नाही, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ॲप अडलं, तर रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेऊन आहार देण्याचा लेखी आदेश प्रत्येक सेविकेच्या हातात असायला हवा, म्हणजे आहार दिला म्हणून तिलाच नोटीस यायला नको.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर माहिती अधिकाराचा एक अर्ज १० रुपयांत होतो, आणि साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपापल्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयाला एवढंच विचारा: गेल्या तीन महिन्यांत टीएचआरसाठी एकूण किती लाभार्थी नोंदलेले होते, त्यांपैकी किती जणांचा चेहरा जुळला, आणि ज्यांचा जुळला नाही त्यांतल्या किती जणांना तरीही पाकिटं मिळाली. गावांनिहाय मागा, म्हणजे अरोलीचा आकडा आणि कोदामेंढीचा आकडा वेगवेगळा दिसेल. उत्तर आलं की या पानाकडे पाठवा.